न पाहिलेलं तळं

तिकिटं काढल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बॅग भरते, काट्यावर ठेवते, पुन्हा उपसते. ज्वारीचं पीठ न्यावं की नको, यावरून माझं माझ्याशीच तीन वेळा भांडण झालं. आमचे हे जायकवाडीच्या कालव्यावर पाणी मोजण्यात नोकरी घालवलेले, शांत माणूस. चहा पीत नुसतं बघत बसतात. परवा म्हणाले, "अगं, तळं काय पळून जातंय व्हय? बस की जरा."

तळं म्हणजे अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय उद्यानातलं. हजारो वर्षांपूर्वी तिथं ज्वालामुखी फुटला, डोंगराचा माथा आत ढासळला आणि त्या खड्ड्यात पावसाचं, बर्फाचं पाणी साठत गेलं. आमची लेक तिथून चार तासांवर राहते. लग्न होऊन तिकडं गेली त्याला सहा वर्षं झाली, आणि आम्ही आत्ता कुठं पहिल्यांदा चाललोय. गल्लीतल्या बायका विचारतात, "लेकीला भेटायला का?" मी सांगते, तळं बघायला. त्यांना वाटतं, बाईंनी विनोद केला.

विनोद कसला. बिडकीनच्या अलीकडच्या एका शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. रोज सकाळी इथून एसटीनं जायचं. लेकीला मागं कुठं ठेवणार, म्हणून तिचंही नाव त्याच शाळेत घातलं. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा माझा नियम. इतर पोरांची एखादी चूक मी सोडून द्यायची, तिची नाही. बाईंची पोरगी म्हणून लाड चाललेत, असं कुणी म्हणायला नको होतं मला.

ती सहावीत असताना ज्वालामुखीचा धडा होता. फळ्यावर निळ्या खडूनं मी तळं काढलं, भोवती उभे कडे काढले. पाणी इतकं खोल, इतकं निळं, की बघणाऱ्याचा श्वास अडकतो, असं काय काय रंगवून सांगत होते. तिसऱ्या बाकावरून तिनं हात वर केला. "बाई, तुम्ही असं तळं पाहिलंय का?"

अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "हो, पाहिलंय."

धडधडीत खोटं. मी पाहिलं होतं ते लोणार, आणि ते उल्केनं झालेलं, हे मीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. तिनं लगेच विचारलं, "कधी?" त्यात खोडी नव्हती. घरातलं कोण कधी कुठं गेलं, हे तिला तोंडपाठ होतं, त्यात हे तळं बसत नव्हतं एवढंच. पोरं फिदीफिदी हसली. माझा पारा चढला. म्हणाले, "बाहेर जाऊन उभी राहा."

ती व्हरांड्यात उभी राहिली. मी तिला आत बोलावलंच नाही. तास संपला, घंटा झाली, तशी आपली आपण आली आणि दप्तर आवरायला लागली. परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसली, पण खिडकीबाहेर बघत. बापाला सांगितलं नाही, मला पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. बावीस वर्षं झाली. कितीदा तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं.

मागच्या दिवाळीत तिचा फोन आला. "आई, इथं एक तळं आहे. तू शिकवायचीस ना, अगदी तसलं. येतेस?" आवाज नेहमीचाच. तिला तो तास आठवतोय की ती विसरलीय, मला काही कळेना. फोन ठेवला आणि तेव्हापासून ही तगमग लागली. म्हटलं, एकदा त्या काठावर उभं राहायचं आणि तिथंच तिला सांगून मोकळं व्हायचं.

मग काय, मी सुटलेच. रोज पहाटे गोगाबाबा टेकडी चढायला लागले, गुडघ्यांना सवय म्हणून. उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात जाऊन विमानाची तिकिटं काढली आणि मग लेकीला कळवलं, ही माझी सवय. मे महिना, पंधरा दिवस. मे का? तर सुट्टी मेमध्येच असते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी माझं अंग शाळेच्या वेळापत्रकावरच चालतं. आणि पंधराच दिवस, कारण लेकीच्या घरी जास्त मुक्काम करायचा नसतो. माझी आई माझ्याकडं सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. लेक तारखा ऐकून नुसतं "बरं" म्हणाली.

त्या उद्यानानं तळ्याच्या काठावर कॅमेरे लावलेत, मोबाईलवर दिसतात. जेवणं झाली की मी दुपारी उघडायची. नुसता काळोख. आठवडाभर काळोख बघितला आणि लेकीला म्हणाले, "त्यांचा कॅमेरा बिघडलाय, कळव कुणाला तरी." ती म्हणाली, "आई, तुझी दुपार म्हणजे इथली मध्यरात्र." मोसंबीवर रेघा ओढून हजारभर पोरांना रेखांश शिकवले मी. हे तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

मग सकाळी टेकडीवरून आले की बघायला लागले. तेव्हा सगळं पांढरं. आज पांढरं, उद्या पांढरं. एप्रिल निम्मा सरला, इथं अंगाची लाही व्हायला लागली, आणि तिथं झाडंसुद्धा दिसेनात. काल राहवलं नाही, सकाळीच व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, हे वितळणार कधी?"

"काठाचा रस्ता जुलैत उघडतो, आई. मेमध्ये नशीब असलं तर तळं दिसतं, नाहीतर बर्फ आणि धुकं."

"मग तिकिटं काढली तेव्हा बोलली का नाहीस?"

ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही पाहिलंय ना, बाई?"

बाई. शाळा सुटल्यापासून तिनं मला ही हाक मारली नव्हती. हे कप विसळत होते, त्यांनी नळ बंद केला. काठावर उभं राहून सांगायचं ठरवलेलं सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं, आणि काठ काही जवळ नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "पाहिलं नव्हतं. खोटं बोलले मी. आणि तुला उगाच बाहेर उभं केलं."

"माहितीय मला," ती म्हणाली. "मी तासभर दाराशीच होते. आत्ता बोलावतील, मग बोलावतील, असं वाटत होतं."

मला रडू फुटलं. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी पदरानं तोंड पुसलं आणि जमेल तेवढ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आत ये. जागेवर बस."

तिचेही डोळे भरले होते, पण पोरगी माझीच. म्हणाली, "आधी परतीचं तिकीट बदला. जुलैअखेरचं करा, मग येते."

लेकीच्या घरी तीन महिने. माझी आई असती तर तिनं कपाळाला हात लावला असता. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "मग ज्वारीचं पीठ लई लागंल."

आज सकाळी टेकडीला गेले नाही. उस्मानपुऱ्यातलं ते तिकिटांचं दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले.