कंटोळ्यांची पावती

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. मी बातमीपत्र काढलं. हौस, दुसरं काय! दर पंधरवड्याला एक पान, पाठपोट. भिवंडीत झेरॉक्स काढायचं, अंबाडी नाक्यावरच्या चहाच्या टपरीच्या फळीवर एक चिकटवायचं आणि बाकीची वाटायची. किंमत नाही. वाटलं त्याने वर्गणी द्यावी, न देणाऱ्यानेही तितक्याच हक्काने वाचावं, हा माझा हट्ट. झेरॉक्सवाला म्हणायचा, "मॅडम, फुकट का कोई पढता नहीं." मी म्हणायचे, "तू छाप रे बाबा, तुला काय करायचंय!"

वर्गणी म्हटली की लोकांना पावती लागते. सोसायटीच्या गणपतीचं उरलेलं पावतीपुस्तक घरात होतं, तेच वापरायला काढलं. वर गणपतीचं चित्र, खाली माझी सही.

टपरीशेजारी अकलोलीकडच्या पाड्यावरची एक बाई रानभाजी विकायला बसायची. तिला वाचता येत नव्हतं. पान चिकटवलं की मला शेजारी बसवायची. "बाय, वाच." मग वीज कधी जाणार इथपासून सगळं वाचून घ्यायची. श्रावणात एकदा तिने कंटोळ्यांचा वाटा माझ्या पिशवीत ओतला.

"ही माझी वर्गणी. पावती फाड."

"अगं, तुला फुकट आहे ते!"

"फुकाट नको. पावती फाड."

मी हसत हसत लिहिलं, 'कंटोळी, एक वाटा'. तिने पावती नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डात ठेवली. तिच्या सासऱ्याला जंगलाची जमीन कसली म्हणून जंगलखात्याने कधीकाळी दंड केला होता. त्या दंडाची पावती जपून ठेवली म्हणून पुढे तोच पुरावा ठरून कसत असलेला तुकडा नावावर झाला, हे तिनेच मला सांगितलं होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. म्हणे मास्तरीण!

हिवाळ्यात तिच्या पाड्याच्या झऱ्याकडे जाणारी वाट एका नव्या गोडाऊनच्या भिंतीने अडवली. झरा आत, हंडे घेतलेल्या बायका बाहेर. मी जाऊन डोळ्यांनी पाहिलं आणि मोठ्या अक्षरात छापलं. वाटलं, आता वाचक उठतील. उठले की! वर्गणी देणारे एकेक करून उठून गेले. कोणाची जमीन गोडाऊनला विकलेली, कोणाचा टेम्पो तिथे लागलेला, कोणाचा जावई तिथे सुपरवायझर. माझ्याच शाळेतले एक जुने मास्तर म्हणाले, "बाई, वर्गणी गावाच्या भल्यासाठी दिली होती. गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडायला नाही." अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाचकांच्या जिवावर चालतं, कोणाची मिंधी नाही, असं मी वर्षभर मिरवत होते. अहो, त्या सगळ्यांचीच मिंधी होते की मी! पुढची दोन पानं पेन्शनमधून काढली, मग हात टेकले. टपरीवाल्याने त्या फळीवर मोबाइल रिचार्जचं पोस्टर लावलं.

उन्हाळ्यात पाड्याच्या अर्जावरून वाटेची पाहणी करायला सरकारी साहेब आले. भाजीवालीने निरोप धाडला, म्हणून मीही गेले. बातमीचं पान बरोबर नेलं होतं. साहेबांनी वरवर चाळून परत दिलं. "हे बंद पडलं ना, बाई?" मग बायकांकडे वळले. "या वाटेने तुम्ही पाणी आणत होतात, याचा काही लेखी पुरावा?"

तिने पिशवी सोडली, रेशनकार्ड उघडलं आणि गणपतीचं चित्र असलेली ती पावती त्यांच्या हातात दिली. "ही बघा."

"कंटोळी?" साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना हसू आवरलं नाही. गोडाऊनचा मॅनेजरही हसला.

ती माझ्याकडे वळली. "बाय, सांग ना त्यांना. सही तुझीच हाय ना?"

"हो. माझीच आहे."

"मंग?"

जन्मभर वर्गात बोलले, आणि तिथे हातातल्या पानाची घडी घालत राहिले. शरमेने मेल्यासारखं झालं. साहेबांनी पुरावा नाही असं लिहिलं आणि गाडी गेली.

तिने पावती पदराने पुसली आणि पुन्हा रेशनकार्डात ठेवली. म्हणाली, "असूं दे. तू परत चालू केलंस की दुसरी फाडू."

पान परत निघणार नाही, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. भाजी मी आता भिवंडीतच घेते.