पत्र्याखालचा पत्रा

क्लेम विटकोव्स्कीच्या चुंबकाला वायन्डॉट गावातला प्रत्येक जुन्या गाडीचा मालक टरकून असे. चुंबक केवढा, तर बटणाएवढा. रंगाला ओरखडा नको म्हणून बायकोने, बर्निसने, त्याला फलालीनची टोपी शिवलेली. ऑगस्टमध्ये नदीकाठी जुन्या गाड्यांचा मेळा भरायचा, त्यात क्लेम कायमचा पंच. गाडीच्या अंगावर तो चुंबक टेकवायचा. चिकटला तर खाली पत्रा. गळून पडला तर खाली पोचा बुजवलेली पुट्टी, आणि मालकाची अब्रू रस्त्यावर.

दोन वर्षांपूर्वी चुंबक गळला तो समोरच्या घरातल्या स्पायरो काराबेलासच्या गाडीवरून. स्पायरोने उभा जन्म गाड्यांचे पोचे काढण्यात आणि रंग मारण्यात घालवलेला. क्लेमने चारचौघांत चुंबक उचलला नि म्हणाला, "गाडी आहे का वाढदिवसाचा केक? केवढं थापलंयस रे!" सगळे खो खो हसले. स्पायरोही हसला, फक्त त्याचे कान लाल झाले. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे रस्त्यापलीकडून "काय" आणि "बरं".

क्लेमचा तोरा उगाच नव्हता. एकतीस वर्षं त्याने कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर काढली होती, आणि त्याची अडुसष्ट सालची निळी गाडी त्याच कारखान्यातली. "मागच्या चाकांवरचे दोन्ही पत्रे माझ्या प्रेसखालून निघालेत," तो येईल त्याला सांगायचा. "तेव्हापासून कुणाचा हातोडा लागलेला नाही!" हे वाक्य सुरू झालं की बर्निस हटकून कॉफी आणायला उठायची, आणि आम्ही गल्लीकर आपापल्या बुटांकडे बघायचो.

यंदा वसंतात उजव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या रंगाला फोड आला. क्लेमने बोट लावलं, तर बोट आत गेलं. डावी बाजू ठणठणीत, आणि उजवी चाळणी! थंडीत गाडी कधी बाहेर नाही, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा कण लागू दिलेला नाही, मग हा गंज आला कुठून? पण पंच झाला म्हणून काय गंज घाबरतो? त्याने नवा पत्रा मागवला. मेळ्यात गाडीपुढे ठेवायच्या माहितीच्या कार्डावर 'उजवा मागचा पत्रा बदलला' एवढं लिहायचं, बाकी सगळं अस्सल. तेवढी कबुली त्याला परवडणार होती.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी त्याने ग्राइंडर चालवला. ठिणग्या उडाल्या, छिन्नीने कड उचलली, कुजका पत्रा सुटून हातात आला. आणि त्याच्याखाली दुसरा पत्रा होता.

क्लेमने चष्मा काढला, पुसला, परत लावला. पत्रा तिथेच. एकतीस वर्षांत त्याने एकाच जागी दोन पत्रे लावलेली गाडी पाहिली नव्हती. खालच्या पत्र्याला लांबट उभा पोचा, खांबाच्या मापाचा. आणि वरच्या कोपऱ्यात, गंज रोखणाऱ्या लाल अस्तराखालून दिसणारी, खिळ्याने कोरलेली अक्षरं:

'क्लेम, हे वाचत असशील तर बर्निसवर ओरडू नकोस. खांब मध्ये आला. स्पायरो, १८ नोव्हेंबर १९८३.'

त्याने ते तीनदा वाचलं. मग उलट्या बादलीवर बसला.

"बर्निस!" त्याने घराकडे तोंड करून हाक मारली.

बर्निस दारात आली. उघडा पडलेला पोचा तिने पाहिला, हात एप्रनला पुसले. "सापडलं वाटतं."

"सापडलं वाटतं? एवढंच?"

"तू हरणांच्या शिकारीला गेलेलास. ट्रकही तूच नेलेला. चर्चमध्ये बिंगोचा खेळ होता, मी काय चालत जाणार?"

"अगं, पण मी परत आलो तेव्हा रंगाचा वास येत होता! तू म्हणालीस, अंगणातल्या खुर्च्या रंगवल्या."

"रंगवल्याच की. वास कशाने झाकणार होते?"

"नोव्हेंबरच्या थंडीत?"

"तू कौतुक केलं होतंस."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"पाद्रीबाबांना. खांब त्यांचाच होता."

"आणखी?"

बर्निसने गल्लीकडे एक नजर टाकली. तेवढ्यात माझ्यासकट तीन घरांचे पडदे खाली पडले.

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं तो बढाया मारत होता, आणि जग मान डोलवत होतं. पण हे सगळं कळून झाल्यावर त्याला खरा धक्का बसला तो केकचा. त्या दिवशी स्पायरोने एक वाक्य टाकलं असतं, तर क्लेमचीच गाडी मेळ्यात नागडी झाली असती. स्पायरो तेव्हा फक्त हसला होता.

क्लेम हातात तो कुजका पत्रा घेऊन रस्ता ओलांडून गेला. स्पायरो टोमॅटोंना पाणी घालत होता.

"का नाही बोललास?"

स्पायरोने पत्र्याकडे पाहिलं आणि नळ बंद केला. "बर्निसला शब्द दिला होता. केकच्या वेळी जीभ दाताखाली धरली, ती अजून दुखते."

"स्पायरो, मी..."

"राहू दे. काम घाईचं होतं, तीन दिवसांत उरकलं. पत्र्यावर पत्रा चढवला की मध्ये ओल धरणार, ते ठाऊक होतं. दहा वर्षं टिकेल म्हटलं होतं." त्याने गंजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "वाईट नाही, काय? बरं, नवा पत्रा कोण बसवतंय?"

"मी."

"तू? तुला पत्रे दाबता येतात गड्या, बसवता नाही. थांब, हातोडी आणतो."

त्यानंतरचे तीन आठवडे गॅरेजातून ठोकाठोकी आणि शिव्या यांचे आवाज सारखेच येत होते.

ऑगस्टच्या मेळ्यात निळ्या गाडीपुढे तो खांबाचा पोचा पडलेला जुना पत्रा टेकवून ठेवला होता, अक्षरं लोकांकडे करून. लोक वाकून वाचत होते, आणि बर्निस बाजूच्या खुर्चीत बसून, 'खांब कुठला?' विचारणाऱ्याला चर्चची दिशा दाखवत होती. कार्डावर क्लेमने लिहिलं होतं: 'अस्सल नाही. १९८३ पासून.' त्याने फलालीनची टोपी घातलेला चुंबक सगळ्यांसमोर स्पायरोच्या हातावर ठेवला. मान वर होत नव्हती.

"आजपासून पंच तू."

स्पायरोने नव्या पत्र्यावर चुंबक टेकवला. चिकटला. तो मागे सरकला आणि डोकं कलतं करून म्हणाला, "चिकटतोय खरा. पण माझ्या आधीच्या पत्र्यालाही चिकटतच होता, क्लेम."