ठकूबाईंनी सांगितलेली तारीख

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघालाच, तर गरिबांच्या मुलांना शाळा कशा मिळत नाहीत यावर बोलून मोकळा झालो. ठकूबाई गेल्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्या मुलीचा, मंगलचा, फोन आला, "गुरुजी, आय गेली सकाळी." मी दोन शब्द बोललो, फोन ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता हे कुणालाच कळणार नाही... त्या विचाराची जी लाज वाटली, तिच्यामुळे हे लिहितो आहे.

घोटावड्याजवळच्या एका वाडीवर आमची दोनशिक्षकी शाळा होती आणि मी तिचा मुख्याध्यापक. ठकूबाईंचं घर शाळेच्या मागच्या माळावर. शेतीचा एक तुकडा आणि बाकी सगळा संसार मेंढरांवर. दिवाळी झाली की ताम्हिणी उतरून कळपासह कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी वर यायचं. नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये पटावरची मुलं कमी पडत होती. पट घसरला असता तर दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली असती, म्हणून मी घरोघर फिरत होतो. ठकूबाईंच्या अंगणात मंगल खेळताना दिसली. जन्म कधीचा म्हणून विचारलं तर त्यांनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, "शिमग्याची पुनव. खाली कोकणात, पालखी नाचत व्हती तवा. चार सरली, पाचवं लागलंय." मी मान डोलावली आणि शाळेत येऊन रजिस्टरात एक जून लिहिलं. आमच्या पिढीच्या मास्तरांनी एक जूनला किती मुलं जन्माला घातली याची गणती नाही. वर्षही असं टाकलं, की पोरीला सहा पूर्ण व्हावीत. पट भरला. जागा वाचली.

मंगल हुशार होती, पण अर्धं वर्ष कळपाबरोबर जायची, त्यामुळे पहिलीत दोनदा बसली, दुसरीतही दोनदा. ती चौथीत आली तेव्हा शहराजवळच्या एका निवासी शाळेची मला माहिती मिळाली. पाचवीपासून प्रवेश, राहणं-जेवण तिथंच. ठकूबाईंना सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हंजे मेंढरामागं जावं लागणार न्हाई?" त्या दिवाळीत घरची माणसं कोकणात उतरली आणि ठकूबाई पहिल्यांदाच मुलीसाठी मागं राहिल्या. वर परत आल्यावर नवऱ्याने चार महिने बोलणं टाकलं होतं म्हणे.

त्या चार-सहा महिन्यांइतकं मन लावून मी नोकरीत कधी शिकवलं नाही. शाळा सुटली की मंगल माझ्यासमोर आणि ठकूबाई उंबऱ्याबाहेर लोकर कातत. मंगल पाढ्यात अडली की बाहेरून उत्तर यायचं. "तेरा साते?" "एक्क्याण्णव!" मी चकित होऊन बघायचो, तर त्या म्हणायच्या, "मेंढरं मोजून मोजून आलंय गुरुजी, तुमच्या शाळंनं न्हाई." जातीच्या दाखल्यासाठी पौडच्या कचेरीत त्यांनी किती खेटे घातले ते पायांनाच माहीत. फोटो काढायला पिरंगुटला गेलो, तेव्हा फोटोवाला म्हणाला, दोन्ही कान दिसले पाहिजेत. ठकूबाई म्हणाल्या, "कान बघून शाळा देत्यात व्हय? मग आमची बकरी पयल्या नंबरात येतील!" दुकानात सगळे हसले. फॉर्मवर अंगठा उठवायची वेळ आली, तर त्यांनी पेन मागितलं. उंबऱ्याबाहेर बसून त्या सही शिकल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

फॉर्म द्यायला आम्ही तिघं गेलो. तिथल्या कारकुनाने कागद एकेक करून तपासले, शाळेच्या दाखल्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. "अकराच्या आत पाहिजे. ही बाराची आहे." मुलगी प्रत्यक्षात दहा वर्षांची होती. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "जन्माची नोंद आणा, नाहीतर दाखल्यातली तारीख चुकली असं मुख्याध्यापकांनी लिहून द्या. आठ दिवस आहेत." मुख्याध्यापक त्याच्या समोरच उभे होते. ठकूबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, सांगताना माजंच चुकलं का?"

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चौकशी लागेल, बाकीच्या एक जूनवाल्यांचंही रजिस्टर उघडेल... हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं आणि मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं तेच मी लिहिलं."

त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी कोकणातल्या त्या गावी गेल्या, नोंद शोधायला. नोंद कुठून असणार? झाडाखाली बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी कळपामागं निघालेली बाई. आठ दिवस संपले. मंगल पुढं गावातच शिकली आणि चांगली शिकली, पण मधली दोन वर्षं मेंढरांमागं गेली. एकदा माझ्यासमोरच आईला म्हणाली, "तुला माजी जन्मतारीख बी धड सांगता आली न्हाई." ठकूबाईंनी खाली बघितलं. मीही.

त्यानंतर मात्र त्यांनी जे केलं, ते सरकारी पगार घेऊन मी कधी केलं नाही. कळपाच्या वाटेवर कुणाचंही मूल जन्मलं, की त्याच दिवशी त्या गावच्या ग्रामसेवकापुढं ठकूबाई हजर. उद्या या म्हणाला तर, "उद्या आमी दोन गावं म्होरं असू. मेंढरू मेलं तर पंचनामा लिवता, पोर जन्मलं तर दोन वळी लिवाय हात दुखतो व्हय?" आज त्या वाटेवर जन्मलेली कितीतरी मुलं आपापल्या खऱ्या तारखेनिशी शाळेत बसतात. हे सगळं त्यांनी स्वतःची समजलेली एक चूक फेडण्यासाठी केलं. ती चूक त्यांची नव्हतीच.

शेवटचा भेटलो तो त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा. बोलायचं ठरवूनच गेलो होतो, वाक्यही ठरलं होतं. मंगल चहा टाकायला आत गेली. मी खुर्ची पुढं ओढली, तोच त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक काम करा. माज्या मागं मंगलला समजावा. म्हनावं, आय अडाणी व्हती, तारखेला चुकली, पर मुद्दाम न्हाई चुकली. तुमचं ऐकंल ती."

ठकूबाई, तुमची तारीख बरोबर होती, चुकलो तो मी... हे माझं वाक्य होतं. ते तोंडात तयार होतं. आतून कपांचा आवाज आला.

मी म्हणालो, "सांगतो."