आठ पदरी प्रार्थना

गेल्या शनिवारी सकाळी, जयनगरच्या आमच्या हॉलमध्ये, मी एक अत्यंत मुद्देसूद धडा शिकवला... आणि तो साफ फसला. इतका आनंददायक पराभव फार वर्षांनी वाट्याला आला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी अनेक वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर ख्रिस्ती ईशज्ञानाचा, म्हणजे थिऑलॉजीचा, रीतसर अभ्यास केला. करणीच्या, शापाच्या धास्तीने जखडलेली माणसे आमच्या ख्रिस्ती मंडळीकडे प्रार्थनेसाठी येतात. ही सेवा रूथ अक्का आणि मी मिळून करतो. अक्का मूळच्या होसकोट्याच्या, घरी मराठी बोलणाऱ्या... पण कन्नडचा हात धरून.

आमची पद्धत ठरलेली आहे. अशा माणसासाठी एकटीने प्रार्थना करायची नाही, आरडाओरडा करायचा नाही, डॉक्टरांचे उपचार चालू असतील तर ते थांबवायचे नाहीत. आणि कुणाचाही दोरा किंवा ताईत आपण काढायचा नाही... बांधणारा हात दुसऱ्याचा होता, सोडणारा तरी त्या माणसाचा स्वतःचा असावा.

त्या दिवशी वैशाली आली होती. मूळची नागपूरची, व्हाइटफील्डला आयटीत नोकरी, काही महिन्यांपासून आमच्या उपासनेला येणारी. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता.

त्या यंत्राजवळ धातू चालत नाही, आणि तिच्या दंडावर तांब्याचा ताईत होता. तो उतरला तर मुलावर संकट येईल, असे देणाऱ्या बाबाने बजावले होते. तीनदा अपॉइंटमेंट घेऊन ती तीनदा दारातूनच परतली होती.

"लॉजिकल नाही, मला समजते मॅडम," ती म्हणाली. "पण माझा एकच पोरगा आहे जी..."

मी फळा पुढे ओढला. तांबे चुंबकाकडे ओढले जात नाही, तरी त्यात वीजप्रवाह निर्माण होऊन ते तापू शकते, इथून सुरुवात केली. मग भीती म्हणजे काय, ती अधिकार कसा गाजवते, आणि ख्रिस्ताचा अधिकार तिच्याहून मोठा कसा... तीन वर्तुळे, दोन बाण. उत्साहाला उधाण आले होते.

"प्रोफेसरम्मा, स्वल्प कमी," अक्का पुटपुटल्या. "लेकरू घाबरलंय, परीक्षेला नाही बसलंय."

मी आवरते घेतले आणि माझी छापील प्रार्थना तिच्या हाती दिली. ती मी अनेकदा तपासून, एकेक शब्द तोलून तयार केलेली आहे. वैशालीने ती सावकाश वाचली, मग स्वतःच गाठ सोडली आणि ताईत टेबलावर ठेवला.

मला धन्यता वाटली... जेमतेम अर्धे मिनिट. कारण तिने तो कागद दुमडला. मग पुन्हा, मग पुन्हा... आठ पदरी झाल्यावर कुर्त्याच्या बाहीत, बरोबर ताईत होता त्याच जागी, सरकवला.

"अजून एक कॉपी मिळेल का? आर्यनच्या दप्तरात ठेवते. लॅमिनेट केली तर चालते ना? आणि वाचताना एखादा शब्द चुकला तर... पोराला काही होणार नाही ना?"

कागदाच्या तळाशी मीच ठळक अक्षरांत छापले होते... 'ही प्रार्थना शब्दशः वाचावी.'

अक्का मात्र पदराने डोळे पुसत हसत होत्या. "काय हो प्रोफेसरम्मा... त्या बाबानं तांब्याचा दिला, तुम्ही ए-फोरचा दिलात!"

वैशालीने आधी माझ्याकडे पाहिले, मग बाहीकडे, आणि तीही हसू लागली. "अरे बापा... मी तर परत बांधूनच राहिली होती!"

"कागद दे इकडे," अक्का म्हणाल्या. "तुझ्या पोराला भूक लागली तर तो कागद वाचतो काय?"

"नाही जी. ओरडते."

"सरी, बरोबर. तसंच सांग मग येशूला. तो ऐकतो."

वैशालीने कागद अक्कांच्या हाती दिला. मग ती हळू बोलली... "येशू, मला खूप भीती वाटून राहिली. आर्यनला माझ्याच्यानं नाही सांभाळल्या जात, तू सांभाळ. मी हे परत नाही बांधणार." इतकेच. माझ्या प्रार्थनेत सहा परिच्छेद आहेत.

ताईत तिनेच उचलला आणि सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

मंगळवारी एमआरआयला मी सोबत गेले. तंत्रज्ञाने विचारले, अंगावर धातूचे काही आहे का... तिने दोन्ही दंड उघडे करून दाखवले. एका दंडावर फिकट पट्टा उरला होता, बाकी काही नाही. ती आत गेली आणि दार लागले.

बाहेर येताच तिने घरी फोन लावला. आर्यन शाळेतून सुखरूप आला होता, फक्त डबा तसाच परत आणला होता. "म्हणजे नेहमीचंच संकट!" ती म्हणाली आणि कॉरिडॉरमध्ये खळखळून हसली. खांद्याला काही महिने फिजिओथेरपी लागेल... ती त्याचीही तयारी करते आहे.

घरी येऊन मी ती ठळक ओळ काढून टाकली. मग कागद मिटून, फळ्याकडे पाठ करून, स्वतः प्रार्थनेला बसले... दोनदा अडखळले, एक वाक्य तर अर्धेच राहिले. ऐकणाऱ्याने ते पूर्ण मानून घेतले असणार, आणि त्याबद्दल मी त्याची, अक्कांची आणि वैशालीची मनापासून ऋणी आहे.