साठ फूट सहा इंच

इतिहास उशिरा का होईना न्याय करतोच, असं महापौरांच्या निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं. न्यायाची वेळ शनिवारी सकाळी दहाची होती.

सत्कारमूर्ती जर्सी सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. वय नव्वदीच्या पुढे. काळ्या खेळाडूंना बहुतेक गोऱ्या संघांची दारं बंद होती, तेव्हा काळ्यांच्या बेसबॉल लीगमध्ये ते पिचर होते, म्हणजे चेंडू फेकणारे. अजूनही काही विचारलं की आधी डावीकडे बघतात, पहिल्या बेसवरचा विरोधी गडी पुढच्या बेसकडे पळत नाही ना याची खात्री करतात आणि मगच उत्तर देतात.

लॉन्ड्री रूममध्ये मी एकदा म्हणालो, "सर, संधी मिळाली असती तर तुम्ही मोठे पिचर झाला असता."

त्यांनी डावीकडे पाहिलं. "झालो असतो? यंग मॅन, मी होतो. संधी हुकली ती त्यांची."

शनिवारी मी त्यांना मैदानावर घेऊन गेलो. मानाचा पहिला चेंडू ते टाकणार होते आणि महापौर झेलणार होते. आयोजकांनी वयाचा मान राखून निम्म्या अंतरावर खुर्ची मांडली होती.

"ही कोणासाठी?"

"तुमच्यासाठी, सर. सगळे पाहुणे इथूनच टाकतात."

"सगळे पाहुणे पिचर नसतात."

काठी टेकत ते पूर्ण अंतरावरच्या, साठ फूट सहा इंचांवरच्या पिचरच्या उंचवट्यापर्यंत गेले. काठी खाली ठेवली, डावीकडे पाहिलं आणि चेंडू फेकला. तो एक टप्पा घेऊन महापौरांच्या नडगीवर बसला.

न्यायावरचं भाषण महापौरांनी त्या खुर्चीत बसून केलं.