मागच्या जाळीवरचा हार

माझ्या गाडीचा पंखा मिस्तरींच्या चुकीने बंद पडला नव्हता. तो माझ्या हाराने बंद पडला होता, आणि हे मला त्याच दुपारी, रस्त्याच्या कडेला उभा असतानाच कळले होते. पुढची दोन वर्षे मी ते कोणालाही सांगितले नाही. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्यांना तर मी नेमके उलटे सांगितले.

नाशिकच्या अंबडला माझा लहानसा कारखाना आहे. पन्नाशी ओलांडल्यावर मी दोन आसनांची, दोन मालक पाहिलेली एक स्पोर्ट्स कार घेतली. तिचे इंजिन मागे. त्यावर झाकण, झाकणाला जाळी आणि जाळीखाली इंजिन थंड ठेवणारा पंखा. ही गाडी कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. तिथल्याच द्वारका चौकाजवळच्या गॅरेजचे मिस्तरी वीस वर्षे माझ्या सगळ्या गाड्या पाहत होते. दुसरीकडे ठाण्याचे तज्ज्ञ होते, फक्त अशाच गाड्या हाताळणारे, आणि गाडी कामाला घेण्याआधी मालकाला कॉफी पाजणारे.

प्रश्न सोडवला तो मिस्तरींनीच. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "साहेब, खोटं नाही बोलणार. इंजिन उघडायचं झालं, कॉम्प्युटर लावायचा झाला, तर ठाणे. तेल, ब्रेक, पट्टे मी करीन. आणि जे जमणार नाही, ते हात लावायच्या आधी सांगीन."

इतकी स्वच्छ रेषा मी माझ्या धंद्यात कधी आखलेली नाही.

नाशिकमध्ये अशा गाड्या बाळगणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. तिथे माझी थट्टा झाली. "रेसचा घोडा घेतलास आणि नाल ठोकायला टांगेवाल्याकडे नेतोस?" असे एक डॉक्टर मित्र म्हणाले. पण वर्षभर माझी गाडी सुरळीत चालली, तसे गटातले चार-पाच जण आपल्या गाड्या द्वारकेला पाठवू लागले. मिस्तरींनी त्या गाड्यांसाठी गॅरेजचा एक कोपरा वेगळा केला आणि तिथे फरशी बसवून घेतली. तो कोपरा ते स्वतः पुसत.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी त्यांनी पंख्याचा पट्टा बदलला. किल्ली देताना म्हणाले, "दसऱ्याला मी नागपूरला असतो, दीक्षाभूमीवर. तुम्ही पूजा कराल तेव्हा हार पुढं घाला, मागच्या जाळीवर नको. गाडी तिथून हवा ओढते."

दसऱ्याच्या सकाळी गट आमच्या सोसायटीच्या आवारात जमला. मखमलाबादच्या मळ्यातून झेंडूचे हार आणले होते. हल्ली ते नायलॉनच्या दोऱ्यात ओवतात. पुढचा हार घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मागून गाडी बोडकी दिसतेय."

"मिस्तरींनी मागे नको सांगितलंय," मी म्हणालो.

"त्यांच्यात पूजा नसते ना. त्याला हारच खुपत असणार."

सगळे हसले. मीही हसलो. आणि माझे हसणे केवळ शिष्टाचाराचे नाही हे दाखवण्यासाठी मी उरलेला हार उचलून मागच्या जाळीवर बांधला. पुढे मी जे खोटे वागलो त्याचाही मला राग येतो. पण त्या हसण्याचा जितका येतो तितका नाही. ज्या माणसाने वीस वर्षे माझ्या कुटुंबाच्या गाड्यांचे ब्रेक तपासले, त्याने दिलेला साधा तांत्रिक सल्ला मी त्याच्या जातीच्या खात्यात टाकू दिला, आणि वर दात दाखवले.

पूजेनंतर आम्ही सगळे आपापल्या गाड्या घेऊन फेरफटक्याला निघालो. अंजनेरीच्या अलीकडे तापमानाचा काटा चढला. मी तो पाहिला. मागे डॉक्टरांची गाडी होती आणि मला तिच्या पुढे राहायचे होते, म्हणून मी आणखी तीन-चार किलोमीटर तशीच दामटली. वाफ दिसली तेव्हा थांबलो. झाकण उघडले, तर आत झेंडूचा लगदा, पट्टा फाटलेला आणि पंख्याच्या पुलीभोवती नायलॉनचा दोरा करकचून आवळलेला. बाकीच्या गाड्या पुढे जाऊन वळून येईपर्यंत मी तो दोरा चाकूने कापला आणि लगद्यासकट गवतात फेकला.

"पट्टा तुटला," मी सांगितले.

"नवाच होता ना?"

"आठवड्यापूर्वीचा."

दोन्ही वाक्ये खरी होती. खऱ्या वाक्यांनी खोटे किती सफाईने रचता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

इंजिन तापून निकामी झाले होते, म्हणून गाडी ठाण्याला पाठवावी लागली. तिथल्या तज्ज्ञांनी पुलीवरून एक बोट फिरवले आणि निकाल दिला, "लोकल हात लागलाय. पट्टा वाकडा बसवला होता." त्यांनी काहीही मोजले नाही. मला काही विचारलेही नाही. इतके जाणणारा माणूस न पाहता असे कसे म्हणू शकतो, याची चीड मला तिथेच आली. पण त्यांचा आळस माझ्या सोयीचा होता. त्यांनी ते लेखी दिले आणि तो कागद मी स्वतः गटावर टाकला.

नंतर मी द्वारकेला गेलो. मी आवाज चढवत नाही; त्या दिवशीही चढवला नाही. चार गिऱ्हाइकांदेखत, अगदी सौम्यपणे म्हणालो, "मिस्तरी, तुमच्यावर विश्वास टाकला हे माझं चुकलं."

त्यांनी हात पुसले. "पट्टा कुठाय?"

"ठाण्याला फेकला त्यांनी."

"दोनदा तपासला होता साहेब," ते म्हणाले. "पण राहिलं असेल माझ्याकडून."

हाराबद्दल त्यांनी विचारले नाही. आपण नको सांगितले म्हणजे मी घातला नसणार, असे त्यांनी धरले होते. मला त्यांचा तेव्हा संताप आला. ते भांडले असते, तर मला माझा खोटा राग टिकवता आला असता. निर्दोष माणूस मान खाली घालतो तेव्हा खोटे बोलणाऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही, आणि त्याबद्दलही मी त्यांनाच दोष दिला. गटातल्या गाड्या द्वारकेला जायच्या थांबल्या. मीही जाणे सोडले.

यंदा उन्हाळ्यात माझ्या रोजच्या गाडीचा क्लच नेमका द्वारकेच्या चौकात गेला. ढकलत नेण्याजोगे एकच गॅरेज होते. मी पोहोचलो तेव्हा पिंपळगावचे एक द्राक्ष निर्यातदार आपली बसकी, लाल गाडी घेऊन आले होते. फरशीच्या कोपऱ्यात जुने टायर रचलेले होते.

"मिस्तरी, नुसता पट्टा तर बदलायचाय. अर्ध्या तासाचं काम," निर्यातदार म्हणत होते.

"अशा गाडीचा पट्टा मी नाही बदलत. माझ्या हातून एका साहेबांचं इंजिन गेलं. ठाण्याला न्या."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यात टोमणा नव्हता. त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. दोन वर्षे हा माणूस स्वतःच्या हातांवर संशय घेत होता, आणि तो संशय मी त्यांच्या हाती दिला होता. माझे कान तापले. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि या वेळी तो योग्य माणसावर होता.

"मिस्तरी, ती चूक तुमची नव्हती," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला साहेब, कॉम्प्रेसर चालूय."

मी भिंतीशी जाऊन कॉम्प्रेसरचे बटण बंद केले. गॅरेजमधले सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"पट्टा तुम्ही नीट बसवला होता," मी म्हणालो, माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा बराच मोठ्याने. "तुम्ही नको सांगितलं होतं, तरी मी मागच्या जाळीवर हार बांधला. लोक तुमच्यावर हसले, तेव्हा मी हसलो. दोरा पुलीत गुंतला, तो मी कापून फेकला आणि नाव तुमचं घेतलं. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. हे मी आजच गटावरही सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला माफ करा, मिस्तरी."