ग्लास वाजायच्या आधीचा आवाज

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतातली बाई नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा दारावर टांगलेली काळी बाहुली मीच तोडून उकिरड्यावर फेकली होती. अंगात आलेल्या बायका बघितल्या की मला हसू आवरत नाही. त्यामुळे 'ताई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे' असली कॉमेंट कुणी करणार असेल तर राहू दे. दवाखान्यातली विश्रांती घेऊन आलेय. आणि हे सगळं एका हाताने टाईप करतेय, चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. का ते पुढे येईलच.

आमचं गाव ढोकीजवळ. हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. घर रस्त्याला लागून आहे - पुढे अंगण, लोखंडी फाटक, फाटकाला साखळी. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली. पूर्वी तिथे खताची पोती असायची, आता माझं ऑफिस आहे. दारसुद्धा पत्र्याचंच, कडी बाहेरून. घरात आम्ही तिघं... मी, माझा नवरा संगमेश आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. काम माझ्या लॅपटॉपवर होत नाही, कंपनीच्या व्हर्च्युअल मशीनवर होतं. म्हणजे तो कॉम्प्युटर असतो लांब हैदराबादला, माझ्याकडे फक्त त्याचा पडदा दिसतो. तिथपर्यंत जायचं तर व्हीपीएन लावावं लागतं. आणि हे व्हीपीएन लावलं की माझं डोकं सटकायचं! इंटरनेट चांगलं पळायचं, व्हीपीएन चालू केलं की मेलंच. मी 'नमस्कार' टाईप करून पाणी पिऊन यायचे, तेव्हा कुठे 'नम' उमटलेलं असायचं. एकदा मी माऊस भिंतीवर असा आपटला की त्याचे तुकडे मामांच्या चहात पडले.

"सुनबाई, त्या मशिनीचा जीव घेशील एक दिवस," मामा म्हणाले.

"ती माझा घेतेय त्याचं काय, मामा?"

कंपनीच्या आयटीत इरफान म्हणून एक मुलगा होता. मूळचा नळदुर्गचा. मी धाराशिव जिल्ह्यातली म्हटल्यावर त्याला आपलेपणा वाटला, आणि पुण्याची शुद्ध भाषा सोडून तो सरळ गावच्या बोलीवर आला. "टेन्शन नक्को, मॅडम. बघू की."

त्याने सगळं करून बघितलं. वायफाय सोडून वायर लावायला लावली. पडद्याचे रंग कमी केले. मग म्हणाला, डेटा पाकिटं पाकिटं करून जातो, पाकीट मोठं असलं की व्हीपीएनच्या बोगद्यात अडकतं, आपण पाकिटं लहान करू. प्रत्येक बदलानंतर उशीर किती कमी झाला ते बघायला त्याने एक युक्ती सांगितली. माझ्या माईकमधला आवाज त्या मशीनपर्यंत जाईल आणि तिथून परत माझ्या हेडफोनमध्ये येईल अशी सेटिंग करायची, आणि टेबलावर काहीतरी वाजवायचं.

मी स्टीलचा ग्लास वाजवला. टण्! ...मग बराच वेळ काही नाही... आणि हेडफोनमध्ये, टण्.

रोज लॉगिन केलं की पहिलं काम हेच, ग्लास वाजवायचा. सेटिंग मी बंद करायचेच नाही. मला गंमत वाटायची. मामा अंगणात खोकले की थोड्या वेळाने हेडफोनमध्ये खोकायचे. कुकरची शिट्टी दोनदा. इरफान पाकिटं लहान करत गेला तसा उशीर कमी होत गेला, आणि एक दिवस ग्लास आणि हेडफोन एकदमच वाजले. इरफान फोनवर ओरडला, "एकदम मख्खन, मॅडम!"

दुसऱ्या दिवशी मी ग्लास उचलला. अजून टेबलाला लागलाही नव्हता, आणि हेडफोनमध्ये टण् झालं.

मी हसले. आदल्या दिवसाचं काहीतरी अडकलं असेल म्हटलं. पण मग मामा हेडफोनमध्ये खोकले, मी खिडकीतून बघितलं तर ते शांत बसून तंबाखू मळत होते. थोड्या वेळाने खरंच खोकले. कुकरची शिट्टी मी कुकर चढवायच्या आधी ऐकली. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "मग कारखाना औंदा काय भाव देणार ते बी ऐकून सांग." मीही हसण्यावारी नेलं. मशीन पळत होतं, काम उरकत होतं, मला आणखी काय पाहिजे?

आणि त्याच आठवड्यात आमच्या उसाला आग लागली.

ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. जळणाऱ्या उसाच्या कांड्या फुटतात, फटाक्यांची माळ लावल्यासारखा आवाज होतो. डुकरं आणि ससे पेटलेले बाहेर पळत येत होते. संगमेश आत घुसले मोटर वाचवायला, भुवया जाळून घेऊन बाहेर आले. मी त्यांना शिव्या घालत होते आणि रडत होते. आग कशाने लागली ते अजून कळलेलं नाही. मामा म्हणतात वरच्या तारा एकमेकींना घासल्या.

जळालेला ऊस लगेच तोडावा लागतो, नाहीतर वाळून जातो. म्हणून आमच्याकडे रीत अशी की तोडणीची पहिली पाळी जळिताला. आमच्या शेजारच्या बांधाला भीमाशंकरचा ऊस, आमच्याच भावकीतला माणूस. त्याच्या उसाला तुरे आलेले, वजन घटायला लागलेलं, आणि महिनाभर थांबून त्याची पाळी दुसऱ्या दिवशी लागणार होती. तोडणीची टोळी त्याच्या बांधावर उतरली होती, ती उठून आमच्या जळितात आली.

भीमाशंकरने टोळीच्या मुकादमाला ट्रॅक्टरवरून खाली ओढला आणि सगळ्यांसमोर तुडवला. मुकादमाचे दात मातीत पडले. भीमाशंकर ओरडत होता, "संग्यानं सोताच्या हातानं काडी लावली! पाळी घ्यायला काडी लावली त्येनं! न्हाय त्येला कांड्यावानी तोडला तर बघा!"

माझा नवरा दिवाळीत फुलबाजीला लांबून काडी लावतो. पण ऐकतो कोण.

दोन-तीन दिवसांनी सकाळी काम करत होते, तर हेडफोनमध्ये आमचा कुत्रा काळ्या केकाटला. साधं केकाटणं नव्हे हो. हाड मोडल्यावर जनावर ओरडतं तसं, आणि मग घुसमटत थांबलं. मी हेडफोन फेकून पळाले. काळ्या फाटकात ऐसपैस झोपला होता. मला बघून त्याने शेपूट हलवली. मी त्याला भाकरी दिली, स्वतःला वेडी म्हणाले, आणि परत कामाला बसले. दुपारी फाटकाबाहेर तोच आवाज झाला, तस्साच, घुसमटत थांबणारा. बाहेर आले तेव्हा काळ्याचं डोकं ठेचलेलं होतं आणि भीमाशंकर काठी पुसत चालत निघाला होता.

मी इरफानला फोन केला नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. पण हेडफोन मात्र कानावरून काढेनाशी झाले. जेवायलाही खोलीतच बसायचे. संगमेशला काही होणार असेल तर मला ते आधी ऐकू येईल, एवढं एकच डोक्यात होतं.

आणि ऐकू आलं.

भर दुपार होती. आधी फाटकाची साखळी वाजली. मग लांबून भीमाशंकरचा आवाज, "संग्या कुठंय? काढा त्येला भाईर!" मग मामा, "भीमा, पाया पडतो तुझ्या, कोयता खाली ठेव." मग अगदी जवळ पत्रा इतका धडाधड वाजायला लागला की त्यात कुणाचे शब्द कळेनात. मग खच्... ऊस तोडताना होतो तसा आवाज, पण ओला. एक बाई किंचाळली. मग काहीतरी आपटत राहिलं, आपटत राहिलं. मग शांत. आणि त्या शांततेत माझ्या नवऱ्याचा आवाज, अगदी कानाशी, मला हाक मारणारा... "सुव-"

सुवर्णा म्हणायचं होतं त्यांना. पुढचं आलंच नाही. मध्येच तुटलं.

मी बाहेर आले. अंगण रोजच्यासारखं. संगमेश ट्रॉलीचं चाक खोलत होते, मामा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "उठा. आत चला."

"काय झालं?"

"भीमाशंकर येतोय. कोयता घेऊन येतोय. आत चला म्हणते ना!"

"येऊ दे की. मी काय बांगड्या भरल्यात का?"

मी त्यांच्या कानाखाली मारली. हो, मारली. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला अरे-तुरे केलं. "मुकाट्यानं चल, न्हायतर मीच तुझं डोकं फोडते!" ते इतके चकित झाले की मी ढकलत पत्र्याच्या खोलीपर्यंत नेलं तरी त्यांना भान नव्हतं. आत लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

"सुनबाई, डोकं फिरलं का काय तुझं?" मामा उठले.

"व्हय मामा, फिरलंय. तुम्हीपण घरात जा."

फाटकाला कुलूप घालायला वळले, तर साखळी वाजली.

भीमाशंकर आत आला होता. अंगाला दारूचा वास, हातात तोडणीचा कोयता. "संग्या कुठंय? काढा त्येला भाईर!" मामा हात जोडून आडवे झाले. "भीमा, पाया पडतो तुझ्या, कोयता खाली ठेव." शब्दाला शब्द. तेवढ्यात आतून संगमेश दारावर लाथा घालायला लागले, "दार उघड! अगं दार उघड!" आणि पत्रा धडाधड वाजायला लागला. तेव्हा मला कळलं तो कसला आवाज होता. मीच कडी घातलेल्या दाराचा!

पत्रा वाजल्यावर भीमाशंकरला संगमेश कुठे आहेत ते कळलं. मामांना ढकलून तो दाराकडे आला. दारासमोर मी होते. भिंतीला टेकवलेलं खोरं मी उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. त्याने कोयता फिरवला. मी डावा हात वर केला...

खच्.

किंचाळणारी बाई मीच होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अंगणात पडलं, राखेत. मी ते बघितलं आणि मग मला काही दिसेना. उजव्या हाताने खोरं धरून मी त्याला मारत सुटले. तोंडावर, गुडघ्यावर, जिथे लागेल तिथे. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तरी थांबले नाही, उलट बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? शेवटी मामांनी मला मागून मिठी मारली. "बास गं पोरी, मरंल त्यो. बास." भावकीतली माणसं गोळा झाली, कडी काढली, संगमेश बाहेर आले आणि माझा हात बघून मटकन खाली बसले.

धाराशिवच्या दवाखान्यात शुद्धीत आले तेव्हा पहिलं त्यांनाच विचारलं, "आतून मला नावानं हाक मारली होतीत का? मध्येच तुटली होती का?"

"न्हाय," ते रडतच म्हणाले. "मी नुसता दार उघड, दार उघड ओरडत होतो. का गं?"



पुढे इरफानचा फोन आला. माझ्या हाताचं ऐकून तो हळहळला, मग चाचरत म्हणाला, "एक सांगू का मॅडम? तुमच्या मशीनची सेटिंग आज पुन्हा बघितली. कंपनीनं सगळ्यांचा माईक पहिल्यापासून बंद ठेवलाय, सुरक्षेसाठी. ते मला तेव्हा म्हाईत नव्हतं. तुमचा आवाज त्या मशीनपर्यंत कधी गेलाच नाही."

"मग मला परत काय ऐकू यायचं, इरफान?"

त्याने फोन ठेवून दिला.

या ग्रुपवर कॉम्प्युटर शिकलेले पुष्कळ आहेत. कुणाला उलगडत असेल तर सांगा, मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. आता काम परत सुरू केलंय. नवीन लॅपटॉप, नवीन व्हीपीएन, आणि मशीन पुन्हा रडतरखडत चालतं. मी तक्रार करत नाही. ग्लास टेबलावर ठेवतसुद्धा नाही.

भीमाशंकर जामिनावर सुटलाय. जबडा वाकडा झालाय. बांधापलीकडे उभा राहून आमच्या घराकडे बघत असतो. साखळी, मामांचे शब्द, पत्रा, कोयता, किंकाळी, सगळं ऐकलं तसं घडून गेलं. फक्त ती हाक तेवढी अजून घडायची राहिलीय.

म्हणून मी नवऱ्याला माझं नाव घ्यायची बंदी घातलीय. 'ए' म्हणा, 'ऐकलंस का' म्हणा, शिट्टी मारा, पण नाव नाही. परवा त्यांनी थट्टेत नुसतं 'सु' म्हटलं, तर मी हातातलं ताट फेकून मारलं. कपाळाला खोक पडली. ते चिडले नाहीत. रक्त पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं बाई, न्हाय म्हणत."